रेकॉर्डर घरात, चित्र मोबाइलवर. मधला रस्ता कोणाचा?

सीसीटीव्ही बसवून झाला की बहुतेक ठिकाणी एकच परीक्षा होते. बसवणारा मालकाला मोबाइलचं वायफाय बंद करायला सांगतो, ॲप उघडतो, चार चौकोनांत दुकान, गल्ला, गेट आणि मागचं गोदाम दिसतं. दोघंही समाधानी होतात आणि बिल चुकतं होतं. किराणा दुकान, दवाखाना, शाळा, गृहनिर्माण संस्था, नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलांनी गावच्या घराला लावून घेतलेले कॅमेरे, सगळीकडे हाच शिरस्ता आहे. या परीक्षेतून मालकाला बाहेरून दिसतं एवढंच सिद्ध होतं. मालकाखेरीज आणखी कोणाला दिसू शकतं, याबद्दल ती काहीच सांगत नाही. रेकॉर्डर इंटरनेटवरून पाहण्याचे जे रस्ते आज वापरात आहेत त्यांच्यात सुरक्षिततेचा मोठा फरक आहे, आणि त्यांपैकी एक तर आता बंदच करायला हवा. पण गेल्या दहा वर्षांत जे जे घडलं ते एकत्र ठेवून पाहिलं, तर त्याहून निर्णायक बाब दुसरीच दिसते: रेकॉर्डरचं मुख्य खातं कोणाच्या ताब्यात आहे. रस्ता चांगला निवडला आणि खातं भलत्याच्या हातात राहिलं, तर निवडीचा उपयोग होत नाही.

मुळात अडचण कुठे येते ते आधी पाहू. रेकॉर्डर डीव्हीआर असो की एनव्हीआर, तो राउटरला जोडला की राउटर त्याला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो. हे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखलेले आहेत. एकाच वेळी लाखो घरांत तोच पत्ता वापरात असतो आणि घराबाहेर त्याला काही अर्थ नसतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता. आतल्या उपकरणाने बाहेर काही मागितलं तर उत्तर बरोबर त्याच्याकडे परत येतं. बाहेरून कोणी आपणहून आलं, तर मात्र त्याला आत कोणाकडे पाठवायचं हे राउटरला माहीत नसतं. फ्लॅट नंबर न लिहिलेलं पार्सल वॉचमनच्या टेबलावरच पडून राहावं, तशी त्याची गत होते. भारतात याच्यावर आणखी एक थर आहे. आशिया-पॅसिफिक विभागाचा आयपीव्ही४ पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव तुकड्यावर आला आणि आपल्याकडचे कोट्यवधी लोक इंटरनेटवर आले ते त्यानंतर. त्यामुळे अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा वेगळा काढला गेला. राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर आपल्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही असं समजावं. शेतात सिमकार्डाच्या राउटरवर कॅमेरा लावणाऱ्यांची स्थिती बहुधा हीच असते. बाहेरून आत येण्याचा जुना रस्ता त्यांच्यासाठी मुळातच बंद असतो. पुढचं वाचल्यावर ती गैरसोय एक प्रकारे फायद्याचीच वाटेल.

तो जुना रस्ता म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. ‘या क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरून जे येईल ते थेट रेकॉर्डरकडे सोड’, अशी सूचना राउटरला दिलेली असते. वेब पानासाठी ८०, चित्रप्रवाहासाठी ५५४, आणि ॲपसाठी हिकव्हिजनच्या यंत्रांत ८००० किंवा दाहुआच्या यंत्रांत ३७७७७ हे आकडे सीसीटीव्हीच्या धंद्यातल्या माणसांना तोंडपाठ असतात. सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर पत्ता बदलला तरी तेच राहणारं डीडीएनएसचं एखादं नाव घ्यायचं, नाहीतर जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी घ्यायचा, की झालं. काही राउटरांत यूपीएनपी चालू असतं आणि रेकॉर्डर न विचारता स्वतःच हे दार उघडून घेतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ही रचना सोपी आहे, कोणा तिसऱ्यावर अवलंबून नाही, चित्र वेगाने येतं. म्हणूनच दहा-पंधरा वर्षं ती सर्रास चालली. तिची किंमत काय, ते २०१६ मध्ये जगासमोर आलं. मिराय नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर भटकून डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर शोधत होता आणि कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांच्यावर लावून पाहत होता. उपकरण उघडलं की ते त्याच्या फौजेत सामील होई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा फौजेने साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीच्या सर्व्हरांवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या. त्या फौजेतले असंख्य रेकॉर्डर मालकांच्या मोबाइलवर त्या दिवशीही नेहमीसारखेच दिसत असणार. शिओंगमाय या चिनी कंपनीचे सुटे भाग अनेक ब्रँडांच्या यंत्रांत होते, आणि त्यातल्या काहींत टेलनेट या दुरून यंत्रात शिरण्याच्या सोयीचा पासवर्ड यंत्रातच कोरलेला असल्याने मालकाला तो बदलताच येत नव्हता. कंपनीला काही उत्पादनं परत बोलवावी लागली.

यावर लगेच उत्तर येतं, की हा दोष कच्च्या पासवर्डचा आहे, उघड्या पोर्टचा नाही. पासवर्ड भक्कम ठेवला की झालं. हे उत्तर अर्धंच खरं आहे. हिकव्हिजनच्या अनेक उत्पादनांत सप्टेंबर २०२१ मध्ये एक खोट जाहीर झाली. तिच्यात पासवर्डच काय, नावाचीही गरज नव्हती. वेब पानाला विशिष्ट मजकूर पाठवला की उपकरणाचा पूर्ण ताबा मिळत होता. धोक्याच्या दहाच्या मोजपट्टीवर तिला ९.८ गुण मिळाले. कंपनीने दुरुस्ती लगोलग काढली, पण भिंतीवर टांगलेल्या रेकॉर्डरवर ती आपोआप थोडीच चढते? तिथे कोणीतरी जाऊन फर्मवेअर बदलायला हवं, आणि पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या यंत्रासाठी तेवढे कष्ट कोणी घेत नाही. पोर्ट उघडं असलेलं यंत्र शोधणंही अवघड नाही. शोदान हे उपकरणांचं शोधयंत्र २००९ पासून चालू आहे आणि उघडे रेकॉर्डर त्यात सहज सापडतात. ८००० च्या जागी दुसराच एखादा आकडा घ्यावा, हा सल्ला अजून दिला जातो. त्याने फार तर शोधणाऱ्याची काही मिनिटं जादा जातात. पासवर्ड कितीही लांब असला तरी तो तपासणारा प्रोग्रामच सदोष असेल, तर तो प्रोग्राम साऱ्या जगासमोर ठेवणं हीच मूळ चूक ठरते. त्यामुळे या रस्त्याबद्दल भीडभाड न ठेवता सांगायला हवं: २०१० च्या आसपास तो समजण्यासारखा होता, आज घर, दुकान, शाळा किंवा दवाखान्यासाठी तो वापरू नये. आधीच उघडलेलं असेल तर राउटरमध्ये जाऊन बंद करावं आणि यूपीएनपीही बंद करावं.

आज बहुतेकांकडे जे आहे ते क्यूआर कोडवालं, म्हणजे पीटूपी. रेकॉर्डरच्या पडद्यावरचा किंवा स्टिकरवरचा कोड मोबाइलने वाचला की दोन मिनिटांत चित्र सुरू. यात रेकॉर्डर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो आणि ते बोलणं चालू ठेवतो; ॲपही त्याच सर्व्हरकडे जातं; सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर चित्र थेट येतं, नाही तर सर्व्हरमधून फिरून. राउटरवर काही उघडावं लागत नाही आणि सीजीनॅटचीही आडकाठी राहत नाही, त्यामुळे इंटरनेटभर दारं ठोठावत हिंडणाऱ्या प्रोग्रामला इथे ठोठावायला दारच सापडत नाही. हा फायदा खरा आहे. पण विश्वासाची जागा इथे बदलते: आधी सगळा भरवसा रेकॉर्डरवर होता, आता तो कंपनीच्या सर्व्हरवरही ठेवावा लागतो. शिओंगमायच्या एक्सएमआय या सेवेचा २०१८ मध्ये सेक कन्सल्ट या संस्थेने अभ्यास केला, तेव्हा या भरवशाची लक्तरं निघाली. उपकरणाचा ओळख क्रमांक त्याच्या मॅक पत्त्यावरून बनवलेला होता, म्हणजे ओळीने अंदाज करता येण्याजोगा. मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. शिवाय ‘डीफॉल्ट’ नावाचं एक न सांगितलेलं खातं होतं, ज्याचा पासवर्ड तीच अक्षरं उलट्या क्रमाने लिहून केलेला. शंभरावर ब्रँडांच्या नावाखाली विकली गेलेली सुमारे ९० लाख उपकरणं या सेवेवर होती. डब्यावरच्या ब्रँडवरून आतलं यंत्र कोणाचं हे कळत नाही, हा यातला आपल्या बाजारासाठी सर्वांत कामाचा धडा. ऑगस्ट २०२१ मध्ये थ्रूटेक या तैवानी कंपनीच्या कले या पीटूपी प्रणालीतही अशीच गंभीर खोट सापडली; तिच्यावर ८ कोटी ३० लाख उपकरणं चालतात असं ती कंपनीच सांगत होती.

सर्व्हरवर विसंबण्याचा दुसरा धोका असा, की एक चूक एका वेळी हजारोंना भोवते. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकी कंपनीच्या मुख्य प्रशासकाचं नाव आणि पासवर्ड इंटरनेटवर उघडे सापडले, आणि त्या आधारे रुग्णालयं, तुरुंग आणि कारखान्यांतल्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचता आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वायझच्या सेवेत बिघाड होऊन सुमारे १३ हजार ग्राहकांच्या ॲपमध्ये दुसऱ्यांच्या घरातली चित्रं उमटली. त्यात हॅकर कोणी नव्हता, कंपनीच्याच यंत्रणेतली गडबड होती. मग पीटूपीदेखील त्याज्य म्हणायचं का? तसं म्हणणं न्यायाचं होणार नाही. उघड्या पोर्टच्या तुलनेत सामान्य घराला आणि छोट्या दुकानाला पीटूपी बराच सुरक्षित आहे, पण तीन अटींवर: कंपनी निदान दुरुस्त्या काढणारी आणि ठावठिकाणा असलेली हवी, रेकॉर्डर जोडताना मागितला जाणारा पडताळणी कोड स्वतः ठरवलेला हवा, आणि चित्रप्रवाहाचं एन्क्रिप्शन चालू हवं. हे एन्क्रिप्शन बऱ्याच ठिकाणी बंद केलेलं आढळतं, कारण चालू असलं की दर नव्या मोबाइलवर कोड टाकावा लागतो आणि फोन सीसीटीव्हीवाल्याला येतो. त्याचा त्रास वाचावा म्हणून ग्राहकाचं चित्र उघडं राहतं.

तिसरा रस्ता व्हीपीएनचा. यात मोबाइल आधी घरच्या किंवा संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरतो आणि मग आत असल्यासारखा रेकॉर्डर पाहतो. रेकॉर्डर इंटरनेटला दिसत नाही, कंपनीच्या सर्व्हरचीही गरज उरत नाही. त्याला बाहेर जायला राउटरवरच मनाई करता येते. वायरगार्ड हा हलका आणि वेगवान व्हीपीएन मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्याचा भाग झाला आहे आणि आता बऱ्याच मध्यम किमतीच्या राउटरांतही मिळतो. तत्त्वाने पाहिलं तर हाच रस्ता सर्वांत चांगला. पण इथला आक्षेप वजनदार आहे: तालुक्याच्या गावात हे करून देणार कोण? आणि सीजीनॅट असेल तर हाही व्हीपीएन बाहेरून आत येऊ शकत नाही. मग भाड्याचा छोटा सर्व्हर मधे ठेवा किंवा टेलस्केलसारखी गाठ घालून देणारी सेवा घ्या, म्हणजे पुन्हा तिसऱ्यावर थोडा भरवसा आलाच. मेडिकल स्टोअरच्या मालकाला हे सांगण्यात अर्थ नाही. दवाखाना, मुलींचं वसतिगृह, पतपेढी किंवा शंभर फ्लॅटच्या संस्थेला मात्र हे सांगायलाच हवं. तिथे दुसऱ्यांची चित्रं साठवली जातात, पैसे वर्गणीतून किंवा फीमधून येतात, आणि संगणकाचं काम पाहणारा कोणी ना कोणी असतोच. अशा ठिकाणी ‘फार किचकट आहे’ ही सबब ऐकून घेऊ नये.

आता खात्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि चर्चा सर्वांत कमी. रेकॉर्डरमध्ये एक ॲडमिन खातं असतं, आणि पीटूपी ॲपमध्ये त्या रेकॉर्डरचा एक मालक नोंदलेला असतो. बसवणारा घाईत असतो. तो रेकॉर्डर स्वतःच्या ॲप-खात्यात जोडतो आणि ग्राहकाला ‘शेअर’ करून देतो. ॲडमिनचा पासवर्ड त्याने सगळ्या ग्राहकांना एकच ठेवलेला असतो, कारण उद्या फोन आला तर आठवायला हवा. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही. वर्षाच्या देखभालीचं कंत्राट त्याच्याकडेच असतं आणि ग्राहकालाही तेच सोयीचं वाटतं. पण परिणाम असा, की एका माणसाच्या मोबाइलमध्ये गावातली पन्नास-साठ घरं आणि दुकानं कायमची उघडी राहतात. तो धंदा सोडतो, मोबाइल विकतो, हाताखालचा पोरगा स्वतःचं दुकान थाटतो. रेकॉर्डरमध्ये काहीच बदलत नाही. गृहनिर्माण संस्थांत वेगळाच प्रकार. कार्यकारिणी बदलते, सेक्रेटरी बदलतात, पण मागच्या आणि त्याच्याही मागच्या कमिटीतल्यांच्या फोनवर लिफ्टचं चित्र चालूच राहतं. कोण कधी आलं, कोणाबरोबर आलं, याची माहिती ज्याच्याकडे असायला नको त्याच्याकडे असते. यासाठी कोणत्याही हॅकरची गरज नाही.

हॅकर जिथे खरंच असतो तिथेही बहुधा असाच उघडा पडलेला पासवर्ड त्याच्या कामी येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, महिलांच्या तपासणीच्या वेळचं फुटेज यूट्यूबवर झळकलं आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं जाऊ लागलं. गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. तपास पुढे गेला तसं दिसलं की प्रश्न एका रुग्णालयापुरता नव्हता. देशभरातल्या अनेक ठिकाणच्या कॅमेऱ्यांची चित्रं अशीच बाजारात आली होती, आणि सोपे पासवर्ड हे त्याचं एक प्रमुख कारण होतं. तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावलाच का, हा प्रश्न खरं तर आधीचा आहे, आणि त्याला तंत्रज्ञानात उत्तर नाही. जिथे माणूस कपडे बदलतो किंवा झोपतो तिथलं चित्र सुरक्षित ठेवण्याचा एकच उपाय आहे, ते न घेणं. पण दाराच्या, रिसेप्शनच्या कॅमेऱ्यांसाठी उपाय साधे आहेत. रेकॉर्डर मालकाच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवावा, ॲडमिनचा पासवर्ड मालकाने स्वतः, बसवणारा उठून गेल्यावर, बदलावा, आणि बसवणाऱ्यासाठी, सेक्रेटरीसाठी, मुख्याध्यापकासाठी मर्यादित अधिकारांची वेगळी खाती करावीत. कोणी काय पाहावं, कोणाला जुनं फुटेज उतरवता यावं, हे बहुतेक सगळ्या रेकॉर्डरांत खात्यागणिक ठरवता येतं. ही सोय वापरणारे मात्र फार थोडे.

यावर एक रास्त शंका निघते. मालक पासवर्ड विसरला तर? विसरतातच. मग रेकॉर्डर रीसेट करण्यासाठी कंपनीकडे अर्ज, फोटो, दोन दिवसांची खोटी. म्हणूनच बसवणाऱ्याकडे पासवर्ड असणं लोकांना आधाराचं वाटतं. पण विसरण्यावर उपाय स्वस्त आहे: पासवर्ड कागदावर लिहून दुकानाच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवावा. इंटरनेटवरून चाल करणाऱ्याला कपाटातला कागद दिसत नाही. संगणकाच्या सुरक्षेवर बोलणारे कागदावर पासवर्ड लिहू नका असं वर्षानुवर्षं सांगत आले. रेकॉर्डरच्या बाबतीत तो सल्ला उलट लागू होतो.

रस्ता आणि खातं दोन्ही नीट झालं, तरी मोबाइलवर लाइव्ह चित्र दिसणं म्हणजे रेकॉर्डिंग होत आहे असं नव्हे. यातली गल्लत महागात पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणात पंधरा दिवसांचं फुटेज मिळत नसल्याचं तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचा केला आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावं असं ठरवलं. तपासण्यावरचा हा भर योग्य आहे, कारण हार्ड डिस्क बंद पडली तरी लाइव्ह चित्र चालूच राहतं. डिस्कचा हिशेबही कोणी मांडत नाही. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ पद्धतीने साधारण २ एमबीपीएस घेतो असं धरलं, तर त्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, आणि सहलीहून परतल्यावर चोरी लक्षात आली तर त्या रात्रीवर नवं चित्र चढलेलं असतं. पंधरा दिवस हवे असतील तर ३ टीबी लागते. पोलीस ठाण्यांतलं फुटेज दीड वर्ष, आणि तेवढी साठवण करणारी यंत्रणा मिळत नसेल तर किमान वर्षभर जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. याच हिशेबाने आठ कॅमेऱ्यांचं वर्ष ६३ टीबीच्या घरात जातं. मोबाइलवर पाहण्यासाठी मात्र हे मोठं चित्र लागत नाही. रेकॉर्डर प्रत्येक कॅमेऱ्याचा एक हलका दुसरा प्रवाह, सबस्ट्रीम, तयार करतो. तो अर्धा एमबीपीएस ठेवला तर आठ चौकोन एकदम पाहायला ४ एमबीपीएसचा अपलोड पुरतो. ‘नेट फास्ट आहे तरी चित्र अडकतं’ या तक्रारीमागे बहुधा मुख्य प्रवाह आणि तुटपुंजा अपलोड ही जोडी असते. प्लॅन बदलण्याआधी ही एक सेटिंग पाहावी.

फुटेज मिळालं तरी ते कामी येईल का, हा पुढचा प्रश्न; आणि त्याला महाराष्ट्राचाच मोठा दाखला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातला उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या त्या प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आणखी नेमकं झालं; त्यात फाइलची हॅश किंमत द्यावी लागते आणि तज्ज्ञाचाही भाग असतो. मोबाइलच्या पडद्याचं दुसऱ्या मोबाइलने केलेलं शूटिंग व्हॉट्सॲपवर फिरवायला पुरतं, खटल्याला नव्हे. इथे घड्याळाकडेही पाहायला हवं. अनेक रेकॉर्डर कारखान्यातून चीनच्या वेळेवर येतात, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि टाइम झोन कोणी बदलत नाही. रात्री साडेअकराची चोरी मग पडद्यावर दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दोनला होते. रेकॉर्डर इंटरनेटला जोडण्याचा एक निर्विवाद फायदा म्हणजे तो एनटीपीने आपली वेळ आपणच जुळवून घेऊ शकतो; तेवढी सेटिंग चालू करावी आणि जीएमटी अधिक साडेपाच हे एकदा पाहून घ्यावं.

हे सगळं ग्राहकानेच का करायचं, सरकार काय करतं, असा सवाल येणारच. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्या सक्तीच्या केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. एन्क्रिप्शन, प्रवेशाचे अधिकार, दुरुस्त्यांची सोय, सुटे भाग कुठून आले, हे सगळं त्यात तपासलं जातं. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण ही चाळणी नव्या मालाला लागते. भिंतीवर आधीच टांगलेल्या लाखो यंत्रांना नाही. आणि चिनी नको, देशी घ्या म्हणजे प्रश्न मिटला, हा समज तर अगदीच तकलादू आहे. पुरवठ्याबद्दलच्या शंका निराधार नाहीत. अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये हिकव्हिजन आणि दाहुआच्या नव्या उपकरणांना मंजुरी देणं थांबवलं. पण ब्रँड कुठलाही असो, ‘ॲडमिन१२३’ हा पासवर्ड सगळीकडे सारखाच उघडतो, आणि सरकारी प्रमाणपत्र मिळालेला कॅमेराही सीसीटीव्हीवाल्याच्या खात्यातच जोडला जातो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: आमच्या दुकानात लपवण्यासारखं आहे काय, बघू दे कोणाला बघायचं ते. मिरायच्या वेळी रेकॉर्डरांमधलं चित्र कोणाला नकोच होतं. त्यांचं इंटरनेट आणि प्रोसेसर हवा होता. युक्रेनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने जाहीर केलं, की कीव्हमधल्या निवासी इमारतींच्या दोन कॅमेऱ्यांचा ताबा रशियाने घेऊन त्यांच्यातून क्षेपणास्त्र हल्ल्याच्या वेळी शहराची हवाई संरक्षण व्यवस्था टिपली. त्यातला एक इमारतीतल्या बाल्कनीतला होता, दुसरा पार्किंगवर नजर ठेवणारा. त्या बाल्कनीच्या मालकाकडेही लपवण्यासारखं काही नसावं. आणि दुकानाच्या कॅमेऱ्यात मालकापेक्षा गिऱ्हाईक जास्त असतं, दवाखान्याच्या कॅमेऱ्यात रुग्ण, शाळेच्या कॅमेऱ्यात दुसऱ्यांची मुलं. ‘बघू दे’ असं त्यांच्या वतीने म्हणण्याचा अधिकार दुकानदाराला नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना म्हणून एक विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय लेखी घाला: संस्थेच्या रेकॉर्डरचं ॲडमिन खातं कोणाच्या नावावर आहे, आज ते किती मोबाइलवर चालू आहे, आणि कमिटी बदलली की पासवर्ड कोण, कधी बदलणार. उत्तर ‘तो सीसीटीव्हीवाल्याला माहीत आहे’ असं आलं, तर त्याच आठवड्यात त्याला बोलावून खातं संस्थेच्या नावावर करून घ्या.